जादूच्या वस्तू: कुठल्या वस्तूने तुमच्या खेळाची वाट लावली?

विसाचा फासा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्यांसाठी हा धागा. जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी: एक जण डीएम होऊन गोष्ट चालवतो, बाकीचे आपापलं पात्र घेऊन त्या गोष्टीत घुसतात, आणि जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकतात. एवढ्या भांडवलावर पुढचं कळेल.

आमच्या ग्रुपात परवा वाद पेटला की वाईट जादूची वस्तू म्हणायचं कशाला. बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: ओव्हरपॉवर्ड. मला ते पटत नाही. नुसती ताकद डीएमला आवरता येते, दोन ओग्र राक्षसांऐवजी चार उभे केले की हिशोब मिटला. वाईट वस्तू ती, जी मिळाल्यापासून खेळाडू विचार करायचं सोडतो.

माझा पहिला आरोपी ब्रूम ऑफ फ्लाइंग. २०१४ च्या डन्जन मास्टर्स गाइडमध्ये हा उडता झाडू 'अनकॉमन' दर्जाचा आहे, म्हणजे त्याच पुस्तकाच्या तक्त्यानुसार १०१ ते ५०० गोल्ड (खेळातली सोन्याची नाणी). वेग ५० फूट, वेळेची मर्यादा नाही, अट्यूनमेंट (वस्तूशी स्वतःला जोडून घेणं) नाही. आता त्याच पुस्तकात पोशन ऑफ फ्लाइंग काढा. बाटली प्यायली की तासभर उडायचं, संपलं. ती 'व्हेरी रेअर', ५,००१ ते ५०,००० गोल्ड. कायमचा झाडू पाचशेच्या आत आणि तासाभराचा घोट पाच हजारांच्या वर! या दोन नोंदी लिहिणारी माणसं एका खोलीत बसली नसावीत.

किंमतही सोडा. तिसऱ्या लेव्हलच्या रेंजरला (तिरंदाज पात्राला) झाडू द्या आणि बघा. दरी आली, झाडू. किल्ल्याची भिंत आली, झाडू. खाली गदा घेऊन ओग्र उभा, हा साठ फुटांवरून निवांत बाण सोडतोय. मी नदी ओलांडायचा प्रसंग रचला होता: कुजलेला पूल, दारुडा नावाडी, पाण्यात मगरी. नावाड्याशी कोणी दोन शब्द बोललं नाही.

याउलट त्याच पुस्तकातले विंग्ड बूट्स. तेही अनकॉमन, तेही उडवतात. पण त्यांना अट्यूनमेंट लागतं, आणि एका पात्राला एका वेळी तीनच वस्तूंशी अट्यून होता येतं. उड्डाण एकूण चार तासांचं. न वापरता ठेवले की दर बारा तासांनी दोन तास परत भरतात. असे बूट मिळाले की टेबलावर लगेच कुजबुज सुरू होते, आत्ता वापरायचे की रात्रीसाठी ठेवायचे. मला ती कुजबुज हवी असते.

तर आणा तुमचे आरोपी. कारणासकट आणा.

नॅट वन नाना

ओग्रकडे भाले असतात हो. ३० फुटांपर्यंत नीट, १२० पर्यंत डिसअॅडव्हांटेजने (दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा). साठ फुटांवरचा तुमचा रेंजर अगदीच निर्धास्त नव्हता. बाकी चालू द्या, खुर्ची ओढून बसलोय.

विसाचा फासा

नाना, भाले संपतात. झाडू संपत नाही.

गोब्लिनची मावशी

फासेराव, तुमच्या व्याख्येलाच माझा आक्षेप आहे. डेक ऑफ मेनी थिंग्ज घ्या. १९७५ च्या ग्रेहॉक पुरवणीपासून हा पत्त्यांचा जोड लोकांची कॅम्पेनं (अनेक बैठकींत चालणाऱ्या गोष्टी) बुडवतोय, आणि तुमच्या कसोटीवर मात्र तो फर्स्ट क्लासात पास! किती पानं ओढणार ते आधी जाहीर करायचं असतं. याहून मोठा निर्णय कुठला हवा?

आमच्या टेबलावर काय झालं ते सांगते. पुस्तकात पत्त्यातलं कुठलं पान म्हणजे डेकमधलं कुठलं ते दिलेलं आहे, त्यामुळे डीएमने साध्या जोडातून १३ पानं वेगळी काढून आणली होती. आमचा रोग (चोर पात्र) म्हणाला, "दोन." पहिली आली बदामची राणी, म्हणजे 'की'. दुर्मीळ जादूचं शस्त्र थेट हातात. आरडाओरडा, टाळ्या, कोणीतरी चिवड्याचा डबा लवंडला. दुसरं पान उलटलं तर किलवरचा राजा. 'व्हॉइड'. शरीर जागच्या जागी कोसळलं आणि आत्मा दूर कुठेतरी एका वस्तूत कैद, वर पहारेकरी. 'विश' स्पेल (मागाल ते देणारा मंत्र) टाकला तरी आत्मा परत येत नाही, फक्त पत्ता कळतो.

आमची मूळ गोष्ट एका राजकन्येच्या वारसाहक्काची होती. ती राजकन्या अजून दरबारात ताटकळत असेल. पुढचे सगळे सेशन आत्मा हुडकण्यात गेले, आणि ज्याचं पात्र आडवं पडलं तो उसना क्लेरिक (पुजारी पात्र) घेऊन तोंड पाडून बसायचा. निर्णय एकाचा, भोगलं पाच जणांनी.

अर्धवट एल्फ

मावशी, याला निर्णय कसं म्हणायचं? ही लॉटरी झाली. निर्णय घ्यायला थोडी तरी माहिती हवी, म्हणजे इकडे गेलं तर काय आणि तिकडे गेलं तर काय. १३ पानांच्या डेकमधून दोन ओढली तर व्हॉइड येण्याची शक्यता साधारण १५ टक्के. रोगच्या पात्राला हे कुठून माहीत असणार? त्याच्या दृष्टीने ती नुसती पत्त्यांची चवड.

गोब्लिनची मावशी

पात्राला माहीत नव्हतं, पण टेबलावर प्रत्येकाला पाठ होतं. म्हणूनच तर ओढली मेल्याने!

नॅट वन नाना

:)) पात्र अडाणी, खेळाडू शहाणा, आणि दोघे मिळून खड्ड्यात.

तळघर

जुन्या पद्धतीने खेळणाऱ्यांच्या वतीने बोलतो. तुम्ही सगळे नव्या चष्म्यातून बघताय. १९७९ च्या डन्जन मास्टर्स गाइडमध्ये खेळाच्या जनकांपैकी एक असलेल्या गायगॅक्सने शापित वस्तूंची रांगच लावली आहे. बॅग ऑफ डिव्हाउरिंग बाहेरून हुबेहूब भरपूर सामान मावणाऱ्या बॅग ऑफ होल्डिंगसारखी दिसते, फरक एवढाच की ती पिशवी नसून कुठल्यातरी प्राण्याचं तोंड आहे. गळा आवळणारा हार आहे. अंगावर ठेवला की जीव घेणारा किडा आहे. आज वाचताना हे सगळं दुष्टपणाचं वाटतं. पण तेव्हा खेळच वेगळा होता. पात्र घडवायला दहा मिनिटं लागायची, मेलं तर त्याचा भाऊ त्याच संध्याकाळी गुहेच्या तोंडाशी हजर. पिशवीत हात घालण्याआधी काठी घालून बघायची, भाड्याच्या मजुराला अंगठी घालायला लावायची (हो, निर्दय होतो आम्ही). शापित वस्तू या सगळ्या सावधपणाला किंमत आणायची. म्हणजे फासेराव म्हणतात तो विचार तिथे होताच.

बिघडलं ते २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत. तिथे बहुतेक शाप वस्तू ओळखणाऱ्या आयडेंटिफाय स्पेललासुद्धा दिसत नाहीत, तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. मग विझार्डने स्पेल टाकला, डीएम हसून म्हणाला "प्लस वन कुऱ्हाड आहे", फायटर अट्यून झाला, आणि झालं. यात खेळाडूने करायला काय हवं होतं? काठी घालून बघायची सोयही ठेवली नाही.

विसाचा फासा

तळघर, हे पटलं. एल्फचं म्हणणंही यात बसतं. मग माझं वाक्य सुधारून घेतो: वस्तूने निवड पुढ्यात ठेवली पाहिजे आणि त्या निवडीची किंमत साधारण दिसली पाहिजे. डेकमध्ये निवड आहे पण आंधळी. आयडेंटिफायला न दिसणाऱ्या शापात निवडच नाही. झाडूत किंमत नाही.

यावरून शील्ड ऑफ मिसाइल अट्रॅक्शन आठवली. कागदावर ती शापित. तुमच्यापासून १० फुटांच्या आत कुणावरही बाण सोडला तरी तो वळून तुमच्याकडे येतो, आणि ढाल टाकून दिली तरी शाप सुटत नाही. पण तीच ढाल बाणांची इजा निम्मी करते. आमच्या फायटरला शाप कळल्यावर त्याने विझार्डला शेजारी उभं केलं आणि शाप काढणारा रिमूव्ह कर्स टाकायला आलेल्या क्लेरिकला हाकलून दिलं! पहिल्यांदा कळलं तेव्हा फसगत होती, त्यानंतर तीच पार्टीतली (खेळणाऱ्या टोळीतली) सगळ्यात लाडकी वस्तू झाली.

हिशोबनीस

माझा आरोपी उलट्या बाजूचा आहे. दुबळी वस्तू, पण नाव असं की वाटावं ब्रह्मास्त्र. अॅरो ऑफ स्लेइंग, व्हेरी रेअर, एकदाच वापरता येणारी. समजा ड्रॅगनवर चालणारा बाण मिळाला आणि समोर २०१४ च्या नियमांतला प्रौढ लाल ड्रॅगन आहे, हिट पॉइंट (किती इजा सोसेल तो आकडा) २५६.

आधी बाण लागला पाहिजे, आर्मर क्लास १९, म्हणजे फाशाची बेरीज तेवढी तरी हवी. लागला तर ड्रॅगनने कॉन्स्टिट्यूशनचा (शरीराच्या चिवटपणाचा) सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा टाकायचा, १७ च्या वर किंवा बरोबर. त्याचा बोनस +१३. म्हणजे फाशावर ४ पडले तरी सुटला, शंभरातल्या ८५ वेळा. सेव्ह हुकला तर सहा डी-टेन (दहा बाजूंचे फासे), सरासरी ३३. सेव्ह झाला तर त्याचे निम्मे. सगळं मिळून बाण लागल्यावर जादा इजा सरासरी १९ च्या आसपास.

२५६ मधून १९. ज्या बाणासाठी पार्टीने तीन सेशन बुटक्यांच्या थडग्यात उकरलं, त्याने ड्रॅगनला मच्छर चावल्याइतकं कळलं. पूर्वीच्या आवृत्त्यांत हा बाण खरोखर जीव घ्यायचा. नव्यात एका फाशावर बॉस मरू नये म्हणून दात काढले, ते ठीक. मग नाव आणि दर्जा तोच का ठेवला?

थ्री-पॉइंट-फाइव्हचे काका

या, आमच्या काळात या. २००३ ची साडेतीन आवृत्ती. तिथे वस्तूंच्या किमती सूत्राने काढायच्या: स्पेलची लेव्हल गुणिले टाकणाऱ्याची लेव्हल गुणिले ठरलेला आकडा. ऐकायला किती शास्त्रशुद्ध! सूत्राला फक्त आकडे दिसतात, टेबलावर त्या वस्तूचं लोक काय करणार ते दिसत नाही. त्याची दोन फळं सांगतो.

पहिलं, वाँड ऑफ क्युअर लाइट वूंड्स, जखमा भरणारी कांडी. ७५० गोल्ड, ५० चार्ज. एका चार्जला सरासरी साडेपाच, म्हणजे एका कांडीत २७५ हिट पॉइंट. दोन-तीन कांड्या पिशवीत टाकल्या की प्रत्येक लढाईला सगळे ठणठणीत. जखमी अवस्थेत पुढच्या दारामागे जायचं की मागे फिरायचं हा गुहेतला सगळ्यात चांगला प्रश्न, तो साडेसातशेत निकालात.

दुसरं फळ त्याहून पिकलेलं. कँडल ऑफ इन्व्होकेशन, ८,४०० गोल्ड. मेणबत्ती जाळून 'गेट' (दुसऱ्या जगाचं दार) उघडता येतं, जो एरवी नवव्या लेव्हलचा स्पेल. गेटमधून बोलवायचा इफ्रीती, म्हणजे आगीचा जिन. इफ्रीती दिवसाला तीन विश देऊ शकतो. आता त्याच पुस्तकातली रिंग ऑफ थ्री विशेस बघा, ९७,९५० गोल्ड. तीन विश तिकडेही, तीन विश इकडेही. मेणबत्तीवाला दुकानदार एक तर वेडा किंवा स्वतःच इफ्रीती.

कुठल्याही शहाण्या डीएमने हे होऊ दिलं नाही, हे मान्य. पण मग पुस्तक कशाला विकत घेतलं?

अर्धवट एल्फ

काका, दंडवत.

रविवारचा पॅलाडिन

गाँटलेट्स ऑफ ओग्र पॉवर आणि हेडबँड ऑफ इंटलेक्ट यांच्याबद्दल कोणी बोलत का नाही? ताकदीचा किंवा बुद्धीचा आकडा थेट १९ करणाऱ्या वस्तू. आमच्यात एका हुशार माणसाने वॉरलॉकची ताकद मुद्दाम ८ ठेवली, आणि गाँटलेट मिळाल्यावर मॉडिफायर (फाशात मिळवायचा आकडा) -१ चा झाला +४. मी पहिल्यापासून पॉइंट घालून घालून १८ पर्यंत आलेलो. मी घातले असते तर १८ चे १९, मॉडिफायर जिथे होता तिथेच, +४. जो मेहनत करतो त्याला भोपळा, आणि ज्याने दुर्लक्ष केलं त्याला लॉटरी.

गोब्लिनची मावशी

मला हे उलट छान वाटतं. वस्तू आपोआप सगळ्यात गरजूकडे जाते, भांडणं होत नाहीत. शिवाय काटकुळ्या वॉरलॉकने दरवाजा लाथेने उडवला त्यात मजा नाही का? तुमचं दुःख वस्तूवर कमी आणि वॉरलॉकवर जास्त दिसतंय.

रविवारचा पॅलाडिन

मावशी, वॉरलॉक माझा मेव्हणा आहे. पुढे बोलत नाही.

पारावरचा विझार्ड

आपल्याकडे वस्तू रचणाऱ्यांना हे फार आधी कळलं होतं असं मला नेहमी वाटतं. अक्षयपात्र बघा. वनवासात कितीही लोकांना जेवू घाला, पण द्रौपदी जेवली की त्या दिवसापुरतं पात्र बंद. एकच अट, आणि त्या अटीतूनच दुर्वासांचा प्रसंग उभा राहतो. अट नसती तर गोष्टच नव्हती, नुसतं अन्नछत्र.

कर्णाची वासवी शक्ती तर एकदाच वापरायच्या वस्तूचा आदर्श. इंद्राकडून मिळाली ती कवचकुंडलं देऊन, म्हणजे किंमत आधीच चुकवलेली. ठेवली होती अर्जुनासाठी. रात्रीच्या युद्धात घटोत्कच सैन्य चिरडायला लागला आणि कौरवांनी कर्णाच्या मागे धोशा लावला, आत्ताच वापर. आमच्या टेबलावर शेवटची फायरबॉल स्क्रोल कधी फोडायची यावर जे होतं, तेच. हिशोबनीसांच्या बाणात नेमकं हेच हरवलंय: शक्ती सुटली की घटोत्कच मरतोच, तिथे सेव्ह नाही.

भस्मासुराच्या वराबद्दल बोलत नाही. नियम लिहून झाल्यावर कोणाकडून तरी वाचून घ्यावेत, एवढंच.

तळघर

विझार्ड, क्या बात है.

नॅट वन नाना

अवांतर: डीएम मंडळींत पिढ्यानपिढ्या सांगितला जाणारा किस्सा नव्या लोकांसाठी. व्हेक्ना नावाच्या महादुष्ट मांत्रिकाचा हात आणि डोळा या १९७६ पासूनच्या अतिशक्तिशाली वस्तू. वापरायच्या तर स्वतःचा हात तोडून तो लावायचा, स्वतःचा डोळा काढून तो बसवायचा. तर एका पार्टीने दुसऱ्या पार्टीला गंडवायला अफवा सोडली की व्हेक्नाचं मुंडकंसुद्धा सापडलंय. कुठल्यातरी मढ्याचं डोकं सापळे लावून पुरून ठेवलं. दुसऱ्या पार्टीने ते शोधलं, मुंडकं कोणी लावायचं यावर आपसात मारामारी केली, आणि जिंकलेल्याने सोबत्याकडून स्वतःचं डोकं उडवून घेतलं. एवढ्यावर थांबले नाहीत. 'चुकीचं डोकं उडवलं' असं ठरवून पुढचा बसला.

वस्तूत जादू शून्य. तुमच्या सगळ्या कसोट्यांवर घासा आता.

नवखा बार्ड

मंडळी, सगळं वाचलं आणि घाम फुटला. मी पहिल्यांदाच डीएम करतोय, पार्टी चौथ्या लेव्हलला आहे, आणि गेल्या महिन्यात त्यांना उडता झाडू देऊन बसलोय. काढून घेऊ का? की पुढच्या सगळ्या गुहा बुटक्या छताच्या करू?

तळघर

काढून घेऊ नका. दिलेली वस्तू डीएमने हिसकावली की खेळाडू पुढची प्रत्येक वस्तू जपून कपाटात ठेवतात. छतही नका बुटकं करू, दुसऱ्याच सेशनला ओळखतील. नियमात जे आहे तेच नीट वाचा. झाडू चालू करायला त्यावर मांड टाकून कमांड वर्ड बोलावा लागतो, म्हणजे चोरपावली जाताना आवाज आलाच. ४०० पौंडांच्या वर वजन नेत नाही, आणि २०० च्या वर गेलं की वेग ३० वर येतो. चिलखतातला फायटर सामानासकट मागे बसला की हे लगेच लागू होतं. आणि साठ फुटांवर असताना बेशुद्ध पडला तर खाली सहा डी-सिक्सची इजा वाट बघतेय.

गोब्लिनची मावशी

मी तर म्हणते, झाडू कुणाचा होता ते ठरवा. चेटकिणीचा असणार, दुसरं कोण झाडू ठेवतंय? तो स्वतःहून मैलभरापर्यंत धन्याकडे जाऊ शकतो असं नियमात आहेच, कमांड वर्ड आणि ठिकाण माहीत हवं फक्त. तिला ते माहीत आहे. ऐन दरीवर पळवून पार्टी मारू नका हं. एखाद्या सकाळी झाडू जागेवर नसेल, आणि त्याच्या जागी चिठ्ठी. भाड्याचे दर लिहिलेली. पैसे न घेणारी चेटकीण असेल तर अजून छान, ती कामं सांगेल.

नवखा बार्ड

चिठ्ठी फायनल! दर महिन्याला एक काम, आणि झाडू त्यांच्याकडेच. आभारी आहे.

आणि पुढची वस्तू कुठली देऊ, जिच्यात असा घोळ होणार नाही?

विसाचा फासा

इमूव्हेबल रॉड. डोळे झाकून. अनकॉमन, अट्यूनमेंट नाही, लोखंडाचा साधा दांडा. बटण दाबलं की हवेत जिथे आहे तिथेच खिळतो, ८,००० पौंडांपर्यंत वजन पेलतो. हलवायचा तर ताकदीच्या चेकमध्ये, म्हणजे फासा अधिक मॉडिफायर, ३० यायला हवेत. बस्स, नियम संपला. इजा नाही, बोनस नाही. पण आमच्या लोकांनी त्याने दार आतून अडवलंय, विहिरीत लटकून रात्र काढलीय, आणि एकदा गिळायला निघालेल्या अजगराच्या जबड्यात उभा लावून बटण दाबलंय. दर वेळी कोणीतरी आधी दोन मिनिटं गप्प बसून विचार केला होता.

डिकँटर ऑफ एंडलेस वॉटर पण द्या. ३० गॅलनची धार मारते, त्याचं काय करायचं ते पोरं शोधतात.

अर्धवट एल्फ

रॉडबद्दल एक शंका. 'जागच्या जागी' म्हणजे कशाच्या सापेक्ष? चालत्या जहाजावर बटण दाबलं तर तो जहाजासोबत जाणार की डोलकाठी फोडून मागे राहणार? आणि मुळात ग्रह फिरत असेल तर...

हिशोबनीस

विषुववृत्तावर असाल तर ताशी १,६०० किलोमीटरच्या आसपास. अजगर सोडा, डोंगरातून आरपार.

विसाचा फासा

दोघांनी मिळून वेगळा धागा काढा. मी तिकडे भांडायला येतो. माझ्या मते तो जहाजासोबत जात नाही.